वरची चार बोटं

पूजानं लॅपटॉप संत्र्याच्या दोन रिकाम्या कॅरेटांवर ठेवला, ओढणीनं पडद्यावरचं ऊन अडवलं आणि यशवंतरावांची विहीर उचलून सगळ्यांपुढं धरली. उचलली म्हणजे पडद्यावर. बोट फिरलं तशी ती विहीर जमिनीतून निघाली, आडवी झाली, उलटी झाली. एकाहत्तर वर्षांचे यशवंतराव ती खणल्यापासून तिच्यात वरून डोकावत आले होते; ती बाहेरून कशी दिसते हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं. बुडाशी लांब तोटी काढलेल्या माठासारखी दिसत होती. त्या तोटीत पूजाचा बाप, श्रावण, सकाळपासून अडकला होता.

सौंसरहून पांढुर्ण्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून यशवंतरावांचा बगीचा, आणि बगीच्याच्या मधोमध ही जुनी विहीर. पाण्याची झीर गाठायला जुन्या लोकांनी तिच्या बुडातून पूर्वेकडं आडवा बोगदा खोदलेला, माणूस वाकून चालेल एवढा. त्याच्या छताला टेकू लावायला श्रावण साडेआठला खाली उतरला. पाऊण तासानं विहिरीचं पश्चिमेकडचं बांधकाम बसलं. दगड, माती, काठावरचं लिंबाचं झाड, सगळं आत गेलं आणि बोगद्याचं तोंड बुजलं. वर दोर धरून उभे असलेले दोघं गडी मागं पळाले म्हणून वाचले.

श्रावण जिवंत होता, एवढं नक्की. यशवंतरावांचा मुलगा रोशन यानं लोखंडी सब्बल जमिनीत ठोकून तिच्या डोक्याला कान लावला होता आणि खालून टक टक येत होतं. पण दहा वाजता जी टकटक थांबायचं नाव घेत नव्हती, ती अकराला मधेच बंद पडायची. बचाव पथक छिंदवाड्याहून निघालं होतं. ते आल्यावर मलबा उपसायला चार तास तरी लागणार आणि तेवढी हवा आत नव्हती. हे कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं, कारण श्रावणची बायको इंदू तिथंच बांधावर बसली होती. तिला न बोलताच सगळं कळलं होतं, हा भाग वेगळा.

मग बोरची गाडी आठवली. पलीकडच्या शेतात गजेंद्र कालपासून बोर मारत होता. वरून साडेसहा इंचाचं भोक पाडायचं, ते थेट बोगद्यात उतरवायचं, म्हणजे श्रावणला हवा मिळेल, पाणी सोडता येईल. बोलायला सोपं. पण तीन फूट रुंदीचा बोगदा तीस फूट जमिनीखाली, वरून बघावं तर सपाट काळी माती आणि संत्र्याच्या ओळी.

"एकच भोक पडन, ताई," गजेंद्र पूजाला म्हणाला. त्यानं मुठीत माती घेऊन चुरली. "खालचा मुरूम कच्चा हाय. भोक बोगद्यात गेलं त गेलं. बाजूनं गेलं त मशीनच्या धक्क्यानं भिंतच त्याच्या अंगावर येईन. दुसऱ्या भोकाले जमीन राहणार नाई."

म्हणून पांढुर्ण्याच्या मोजणी कार्यालयातून पूजाला बोलावणं गेलं आणि ती मोटारसायकलवर मागं बसून, लॅपटॉप पोटाशी धरून आली. तिचं कामच हे. मोबाईलवर काढलेल्या व्हिडिओतून घरं, तलाव, देवळं जशीच्या तशी कॉम्प्युटरवर उभी करायची. हजारो चित्रं एकमेकांशी जुळवून यंत्र त्यातून जागेचा आकार काढतं. मागच्या रविवारी तिनं बापाच्या कपाळाला आपला मोबाईल बांधून त्याला या विहिरीत उतरवलं होतं. हळू चाल, सगळ्या भिंती दाखव, कोपरा सोडू नको, असं दहादा बजावलं होतं. टेकू कुठं लावायचे ते आधीच कळावं, बापाला खाली कमी वेळ राहावं लागावं, एवढाच तिचा हेतू होता. आता त्याच व्हिडिओवर त्याचा जीव लटकला होता.

नायब तहसीलदार साहेब पडद्यापुढं वाकले. "बेटा, ये नाप पक्का है ना?"

पूजानं त्यांना हिंदीत समजावलं, आणि भोवती उभ्या गावालाही ते समजलं. मोबाईलला आकार कळतो, माप कळत नाही. वाटीएवढी विहीर असो की वाड्याएवढी, पडद्यावर सारखीच दिसणार. एक तरी लांबी माणसानं सांगावी लागते, मग बाकीची सगळी मापं त्यावरून निघतात. बाबानं त्या दिवशी विहीर खणायचा आपला गाठींचा दोर बोगद्यात शेवटपर्यंत पसरून ठेवला होता. दर हाताला एक गाठ. एक हात म्हणजे अठरा इंच. तिनं तोच आकडा भरला होता.

"आनखी कशावरून ताडून पाहता येईन का?" रोशननं विचारलं. शिकलेला होता, प्रश्न बरोबर होता. मग त्याचं त्यालाच आठवलं. "आमच्या आज्याच्या वहीत लिवलेलं हाय. विहीर तेरा हात रुंद."

विहिरीचा काठ अर्धा खाली गेल्यामुळं टेप लावून बघणं शक्य नव्हतं. पूजानं पडद्यावर विहिरीच्या तोंडावर या काठापासून त्या काठापर्यंत रेघ ओढली. साडेएकोणीस फूट. तिनं बोटांवर हिशेब केला आणि सकाळपासून पहिल्यांदा तिचा श्वास नीट बाहेर पडला.

"तेरा हात. बरोबर तेरा."

लोकांनी एकमेकांकडं पाहिलं, कोणी 'वा रे पोरी' म्हणालं. साहेबांनी मान हलवली. गजेंद्र गाडी चालू करायला गेला.

यशवंतराव मात्र पडद्यावरच्या त्या दोराकडं बघत राहिले.

माप जुळणारच होतं. विहीर ज्या दोरानं मोजली, त्याच दोराचं बेणं बोगद्यात पडलं होतं. खोटं खोट्याशी ताडून बघितल्यावर दुसरं काय होणार?

ही विहीर खणायला घेतली तेव्हा यशवंतराव बारा वर्षांचे होते. याच जागी, नव्या काथ्याचा दोर घेऊन श्रावणचा बाप गुणवंता उभा होता, आणि यशवंतरावांचे वडील मोरेश्वर पाटील त्याला माप देत होते. पाटलांनी हात लांब केला. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत दोर ताणला, आणि टोकाच्या पुढं दुसऱ्या हाताची चार बोटं आडवी ठेवून म्हणाले, "इथी मार गाठ." गुणवंतानं एकदा वर पाहिलं. "माह्या गावात माहा हात," पाटील म्हणाले. गुणवंतानं गाठ मारली. विहीर खणायची मजुरी हातावर ठरायची. हात जेवढा लांब तेवढं मजुराचं खणणं फुकट. त्या रात्री ताटावर बसून पाटील हसले होते. चार बोटं कोणाच्या ध्यानात येतात, म्हणाले होते. बारा वर्षांचे यशवंतरावही हसले होते. बाप हुशार आहे याचा त्यांना अभिमान वाटला होता, खोटं कशाला सांगा.

दोर कुजला की जुना नव्याशेजारी ठेवून गाठी उतरवून घ्यायच्या, अशी ती चाल. मोरेश्वर पाटील गेले, गुणवंता गेला, माप तेवढं राहिलं. फाट्यावरच्या प्रवासी निवाऱ्यावर आज मोरेश्वर पाटलांचं नाव रंगवलेलं आहे, आणि गावात अजून सचोटीसाठी कोणाचा दाखला द्यायचा झाला तर त्यांचाच देतात.

पूजा चुन्याची पिशवी आणि टेप घेऊन विहिरीच्या पूर्वेच्या काठापाशी गेली. तो काठ शाबूत होता, बोगदा त्याच्या बरोबर खालून निघत होता. सरळ पूर्वेला सोळा हात, चोवीस फूट. तिथं बोगदा डावीकडं वळत होता. सरळ भागात मलबा किती आत घुसलाय कोणाला ठाऊक, म्हणून भोक वळणाच्या पुढं हवं होतं. आणि अगदी टोकाला नको, कारण श्रावण टोकाशी असणार. म्हणून वळणापुढं तीन हात, साडेचार फूट. तिनं दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा आईला टेपचं टोक धरायला लावून मोजलं, आणि चुन्याची फुली मारली.

एवढं नीट, एवढं मन लावून मोजलं पोरीनं. आणि फुली चुकीच्या जागी पडली होती.

सोळा हातांवर प्रत्येकी चार बोटं. तीन फूट होतील, चार होतील, यशवंतरावांना नक्की सांगता आलं नसतं. पण बोगदाच तीन फुटांचा. भोक त्याच्या बाहेर, बाजूच्या मुरुमात जाणार हे कळायला कॉम्प्युटर लागत नव्हता.

मग बोलावं की नाही? आपण म्हणू, यात विचार कसला करायचा. पण माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला सबबी कमी पडत नाहीत. श्रावणनं नवा दोर टेपनं बांधला असेल, यशवंतरावांनी स्वतःला सांगितलं. आजकाल कोण हातानं मोजतं? मी भलतंच बोललो आणि पोरीचं माप बरोबर असलं तर? माझ्यामुळंच मेला म्हणतील. हे सगळं त्यांनी त्या फुलीकडं बघत स्वतःला पटवलं, आणि त्यातलं एकही त्यांना पटलं नाही. खरी गोष्ट ही की समोर दोनशे माणूस उभा होता, अर्धं गाव श्रावणच्या वस्तीतलं, आणि त्या दोनशे जणांपुढं बापाला चोर म्हणायचं होतं.

गाडी फुलीवर आली. जॅक टेकले, मनोरा उभा झाला, गजेंद्रनं पहिला दांडा चढवला. कॉम्प्रेसर सुरू झाल्याबरोबर बगीच्यातले बगळे उडाले. काळ्या मातीचा फवारा वर आला. पाच फूट. आठ फूट. इंदू उठून उभी राहिली, दोन्ही हातांनी पदर तोंडात कोंबून.

कलाबाई, यशवंतरावांची बायको, कधी शेजारी येऊन उभी राहिली त्यांना कळलं नाही. सून होऊन या घरात आली तेव्हापासून सासऱ्याची ती चार बोटांची बढाई तिनं कितीदा वाढता वाढता ऐकली होती. तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"तुमी बोलता का मी बोलू?"

यशवंतराव निघाले. पूजाला बाजूला घ्यावं, हळूच कानात सांगावं, असा त्यांचा बेत होता. पण कॉम्प्रेसरपुढं हळू काय चालणार! ते बोलले, तिला ऐकू गेलं नाही. ती वैतागून हातानं 'मागं व्हा' म्हणाली. ते पुन्हा बोलले. दांडा बारा फूट गेला होता, माती काळ्याची पिवळी व्हायला लागली होती. मुरूम लागला की मग थांबवून उपयोग नव्हता. यशवंतराव तिला ओलांडून पुढं गेले आणि मनोऱ्याखाली जाऊन उभे राहिले, बेंबीच्या देठापासून ओरडत. म्हातारा दांड्यात सापडतो की काय म्हणून गजेंद्रनं खाडकन सगळं बंद केलं. आवाज मेला, आणि त्या शांततेत यशवंतरावांचं उरलेलं वाक्य अख्ख्या बगीच्यानं ऐकलं.

"...अठरा इंचाचा नाई! माह्या बापानं खोटा हात बांधून देल्ला होता! मजुरायले फसवासाठी! चार बोटं वर हायेत, चार बोटं!"

रोशननं खाली पाहिलं. साहेबांना अर्धंच समजलं, ते इकडं तिकडं बघत राहिले.

पूजाच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते यशवंतरावांनी पाहिलं. पण तिला त्यासाठी वेळ नव्हता. "किती?" ती म्हणाली.

"चार बोटं..."

"काकाजी, बोटं नोका सांगू. इंच सांगा. एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत किती इंच?"

"नाई माहीत, बाई. मोजलंच नाई कधी."

दोर तर श्रावणसोबत खालीच होता, म्हणून तिनं विचारलं, "त्या दोरानं मोजलेलं दुसरं काई हाय? ज्याले आता टेप लावता येईन असं?"

होतं. आंब्याखालची विहीर होती, बगीच्याच्या वरच्या टोकाला. "अकरा हात रुंद," यशवंतराव म्हणाले. "पक्की अकरा."

"तेबी मोरेश्वर पाटलांच्या वेळची?"

इथं त्यांना खोटं बोलता आलं असतं, आणि मेलेला माणूस काही तक्रार करायला येणार नव्हता.

"नाई," ते म्हणाले. "माह्या वेळची. मीच खणवली. श्रावणच्या बापाकडून."

रोशन टेप घेऊन पळाला, मागं दोन पोरं. गजेंद्रनं दांडा वर काढून घेतला. सब्बलीला कान लावून बसलेला गडी मान हलवत होता. बराच वेळ खालून काही आलं नव्हतं. कलाबाई इंदूजवळ जाऊन उभी राहिली, पण तिला हात लावायचा धीर झाला नाही. तिकडून रोशनचा फोन आला.

"एकोणीस फूट तीन इंच!"

पूजानं भागाकार मोबाईलवर केला, मग मातीत काडीनं पुन्हा केला. "एकवीस," ती म्हणाली. "एक हात म्हणजे एकवीस इंच." तिनं अठरा खोडून एकवीस भरलं. पडद्यावरची विहीर होती तशीच राहिली, तसूभर हलली नाही. फक्त बाजूचे आकडे बदलले. चोवीसचे अठ्ठावीस झाले. साडेचारचे सव्वापाच. छताची खोली सत्तावीस होती, ती साडेएकतीस झाली.

नवी फुली जुन्या भोकापासून चार फुटांवर पडली. जुन्या भोकात मग कोणीतरी माती लोटली.

यशवंतराव बाजूला उभे राहिले. त्यांच्याभोवती दोन हात जागा आपोआप मोकळी झाली होती. पुन्हा काळी माती उडाली, पुन्हा पिवळी आली. वीस फुटांवर गजेंद्रनं वेग कमी केला. पंचवीस. सत्तावीस, जिथं पहिल्या मापानं छत लागायला हवं होतं, तिथं घट्ट मुरूमच होता. एकोणतीस. तीस. एक हात दांड्यावर ठेवून तो आता कानांपेक्षा तळव्यानं ऐकत होता. एकतीस. यशवंतरावांनी मूठ आवळली. हे चुकलं तर ते आपल्याच बोलण्यानं चुकेल, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

दांडा दणकन अर्धा फूट खाली गेला आणि माती उडायची थांबली.

"पोकळी!" गजेंद्र ओरडला. "लागली, ताई, लागली!" त्यानं मशीन बंद केली, दांडे एकेक करून वर घेतले. गाडी मागं सरली तशी पूजा पालथी पडून भोकाशी तोंड लावून ओरडली. "बाबा!"

तिनं पुन्हा हाक मारली.

"बाबा, पूजा बोलून राहिली! हवा येऊन राहिली का?"

खालून खोकला आला. इंदू तिथंच मातीत बसली आणि मोठ्यानं रडायला लागली, आणि सगळ्यांनी तिला गप्प केलं, कारण श्रावण बोलत होता. आवाज बारीक, पण नळीतून आल्यासारखा स्वच्छ.

"पूजे... आयक. तो दोर पाटलाच्या हाताचा हाय. अठरा नोको धरू. एकवीस धर. एकवीस."

भोक त्याच्यापासून दोन पावलांवर पडलं होतं, वरून उजेडाची रेघ आत आली होती. पण त्याचं ते अजून चालूच होतं. सकाळपासून तो हेच ओरडत असणार, घसा बसेपर्यंत. पोरगी वर आपला दोर घेऊन मोजायला बसेल हे त्याला ठाऊक होतं. वर पोचत होती ती फक्त टकटक.

एकवीस. यशवंतरावांना हा आकडा अर्ध्या तासापूर्वी टेप लावल्यावर कळला होता. श्रावणला तो पाठ होता. म्हणजे गुणवंतालाही होता. साठ वर्षं बापलेक प्रत्येक गाठ ओळखून खाली उतरत होते, वर येऊन सांगितलेले हात मोजून देत होते, आणि तोंडातून अवाक्षर काढत नव्हते. आणि आपण समजत होतो, कोणाच्या ध्यानात येतंय.

"एकवीसच धरला, बाबा," पूजा म्हणाली. "एकवीसच धरून भोक पाडलं."

खालून पुन्हा खोकला आला.

"तुले कोनं सांगतलं?"

पूजानं मान वळवून यशवंतरावांकडं पाहिलं. तिनं बोलावलं नाही, नावही घेतलं नाही. फक्त भोकापासून बाजूला झाली.

यशवंतराव दोन्ही गुडघे टेकून खाली बसले. टोपी पडली ती त्यांनी उचलली नाही. भोकातून थंड, ओल्या मातीचा वास येत होता.

"मी सांगतलं, श्रावण. मी, यशवंत."

रस्त्यावर बचाव पथकाच्या गाड्यांचा आवाज आला, साहेब तिकडं धावले, माणसं हलली. यशवंतराव तसेच ओणवे राहिले.

"लय उशीर केला, पाटील," श्रावण म्हणाला. "माहा बाप पायजे होता आयकाले."

मग म्हणाला, "पानी सोडा." रोशननं नळी आणली आणि वडिलांना बाजूला करून ती भोकात सोडायला लागला.